तळ्यातल्या ट्राउटची चार पुस्तकं

अबू धाबीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात मी नऊ वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली दोन वर्षं मी स्वतः न उघडलेली पुस्तकं विकली. माझ्याकडे ‘छंद आणि खेळ’ हा विभाग होता. विभाग म्हणजे दोन कपाटं. एकात बागकाम, विणकाम, केक आणि कुत्री-मांजरं, दुसऱ्यात टेनिस, गोल्फ, घोडे आणि डायव्हिंग. गिऱ्हाइकाने विचारलं, “यातलं चांगलं कुठलं?” की मी सगळ्यात जाड आणि सगळ्यात चकचकीत पुस्तक त्याच्या हातात द्यायचे. बहुतेक लोक ते घेऊन जायचे. पुढे त्यांचं काय व्हायचं ते मला कधी कळलं नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नवरा शहराबाहेर मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका स्टील फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये एस्टिमेटर होता. सकाळी सहाला कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी अंगाला लोखंडाचा वास घेऊन यायचा. मुलगी चौथीत होती. दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, तेवढ्यात मी घरी जाऊन तिला जेवायला वाढून परत यायचे.

एका नोव्हेंबरात संध्याकाळी एक इंग्रज बाई आल्या. उंच, पांढरे केस अगदी आखूड कापलेले, उन्हाने नाक सोललेलं. त्या एका इंग्लिश शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि येत्या जूनमध्ये रिटायर होऊन मायदेशी परत जाणार होत्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “मला ट्राउट पकडायला शिकवणारं पुस्तक हवंय. फ्लाय फिशिंग. पण तळ्यातलं. नदीतलं नको.”

शेवटची दोन वाक्यं मी ऐकली, पण त्यांचा काही अर्थ असेल असं मला वाटलं नाही. गळ टाकून मासे पकडण्यावर आमच्याकडे एकच पुस्तक होतं. कव्हरवर हॅट घातलेला एक गृहस्थ ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा. जाड होतं, चकचकीत होतं. मी ते दिलं.

पुढच्या गुरुवारी बाई पुस्तक काखेत मारून परत आल्या. मी मनातल्या मनात रिफंडची भाषा जुळवायला लागले. पण त्या रागावलेल्या नव्हत्या. काउंटरवर पुस्तक उघडून म्हणाल्या, “सुंदर आहे. फक्त यात दोनशे पानं नदी आहे.”

मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. इथे ‘फ्लाय’ म्हणजे खरी माशी नव्हे. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं काहीतरी बनवतात, ती नकली माशी. ती लांब, जड दोरीच्या टोकाला बांधून पाण्यावर फेकायची. नदीत वाहतं पाणीच तिला माशाच्या तोंडासमोरून नेतं. तळ्यात पाणी उभं असतं आणि मासा फिरत असतो. तिथे दोरी हाताने हळूहळू ओढून माशी आपण हलवायची, किती खोल जाऊ द्यायची तेही आपणच ठरवायचं. म्हणजे फेकणं सारखं असलं तरी पुढचं सगळं वेगळं.

“म्हणजे माशीने मासा पकडायचा,” मी मराठीत पुटपुटले. त्यांनी अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितला, त्यात काहीच गंमत उरली नाही, तरी त्या हसल्या.

“तुमच्याकडे तळं आहे?” मी विचारलं.

“माझ्या भावाच्या घरामागे आहे. मी त्याच्याजवळच राहायला जाणार आहे. तो तीस वर्षं तिथे मासे पकडतोय. गेल्या नाताळात मी म्हटलं, मलाही शिकव. तर सगळ्यांसमोर म्हणाला, या वयात तुला जमायचं नाही.” बाईंनी पुस्तक मिटलं. “माझ्याकडे सात महिने आहेत. जूनमध्ये मी शिकून जाणार. पुस्तक तुम्ही निवडा.”

“मॅडम, मला यातलं काहीच कळत नाही.”

“म्हणून तर! मलाही कळत नाही. तुम्हाला जे समजेल ते मला समजेल.”

इतक्या विश्वासाने मला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंडनच्या डिस्ट्रिब्युटरचे जाडजूड कॅटलॉग काढून बसले आणि चार नावांवर खुणा केल्या. आमचे मॅनेजर लेबननचे. त्यांनी फॅक्सचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“हबीबती, इथे पाऊस पडत नाही. तू ट्राउटची चार पुस्तकं मागवतेस?”

“एका गिऱ्हाइकासाठी. नको असतील ती महिन्याभरात परत पाठवू.”

“दोन विकायची, दोन परत. खलास,” असं म्हणून त्यांनी सही केली.

जानेवारीत पुस्तकं आली. मी ती चारही पिशवीत घालून घरी नेली. नवऱ्याने एक उचलून मागची किंमत पाहिली. “एकशे वीस दिरहम! अकराशे रुपये!” असं म्हणून त्याने ते टेबलावर अगदी अलगद परत ठेवलं.

पहिलं पुस्तक एका मोठ्या तज्ज्ञाचं होतं. त्यात गळाचा इतिहास, काठ्यांचा इतिहास आणि लेखकाच्या आजोबांचा इतिहास होता. पाण्यापाशी पोचायला चाळीस पानं लागली. दुसऱ्यात पानभर मोठे रंगीत फोटो होते. तिसरं बारीक, काळ्या रेघांच्या चित्रांचं, दिसायला एखाद्या शाळेच्या वहीसारखं. चौथ्यात तळ्यातल्या किड्यांची आणि पाण्याच्या खोलीची माहिती होती.

वाचून तर चारही बरी वाटत होती. मग मला वाटलं, नुसतं वाचून काय कळणार, करून बघूया. चारही पुस्तकांत दोरीला माशी बांधायची तीच एक गाठ शिकवली होती. मी परकराची नाडी घेतली, आकड्याऐवजी चमच्याची दांडी धरली आणि मुलीला समोर बसवून पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं.

“नाऊ पास द एंड थ्रू द लूप,” मुलगी वाचायची.

“कुठल्या लूपमधून? इथे दोन आहेत.”

“इट डझन्ट से, ममा.”

तज्ज्ञांच्या पुस्तकाने आम्हाला तिथेच सोडलं. फोटोंच्या पुस्तकाने मला सगळ्यात जास्त छळलं. फोटोत जे हात होते ते समोर बसलेल्या माणसाचे होते, त्यामुळे माझं डावं-उजवं सारखं उलटं व्हायचं आणि ओढलं की गाठ सुटायची. पाच वेळा सुटली. चित्रांच्या बारक्या पुस्तकात मात्र चित्रं स्वतःच्या हातांकडे वरून बघावं तशी काढली होती. शिवाय एका कोपऱ्यात लिहिलं होतं, इथे तुमची गाठ सुटली असेल तर तुम्ही तिसरी पायरी विसरलात. मी खरंच विसरले होते. पहिल्याच फटक्यात गाठ बसली, इतकी घट्ट की ती नाडी शेवटी कात्रीने कापावी लागली.

दुकानात पुस्तकं परत नेली तेव्हा ती आमच्या चाचांनी पाहिली. चाचा गोडाउन आणि पॅकिंग सांभाळायचे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, गल्फमध्ये येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. इंग्रजी त्यांना खोक्यावरचा पत्ता वाचण्यापुरतं यायचं. पण लहानपणापासून वडिलांबरोबर होडीत गेलेला माणूस. चहाच्या वेळी त्यांनी चारही पुस्तकांतली चित्रं एकेक करून पाहिली आणि तज्ज्ञांचं पुस्तक बाजूला सारलं.

“ताई, ह्यात वारा नाय.”

“म्हणजे?”

“बगा ना. एकाचं पण शर्ट हलत नाय. पाणी आरशासारखं. असं पाणी वर्षातनं चार दिस मिळतं. बाकीच्या दिवसांत ह्या मानसानं काय करायचं?”

मी अनुक्रमणिका पाहिली. चारांपैकी फक्त बारक्या पुस्तकात वाऱ्यावर एक आख्खं प्रकरण होतं. वारा तोंडावर आला तर काय करायचं, बाजूने आला तर आकडा स्वतःच्या कानात घुसू नये म्हणून कुठे उभं राहायचं, आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तिथेच मासे का गोळा होतात. मी चाचांना वाचून दाखवलं. ते मान हलवत म्हणाले, “हा मानूस भिजलाय.”

बाईंना मी बारकं पुस्तक आणि किड्यांचं पुस्तक अशी दोन दिली. गाठीची आणि वाऱ्याची हकिगत सांगितली. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, “आता तुम्ही आणि चाचा शुक्रवारी कॉर्निशवर या. मी काठी मागवली आहे. तुम्ही वाचा, मी करते.”

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठ वाजता समुद्रकाठच्या कॉर्निशच्या हिरवळीवर आम्ही जमलो. बाई, मी, चाचा, माझा नवरा आणि त्याच्या हाताला धरून जांभया देणारी मुलगी. पुस्तकात लिहिलं होतं की आधी गवतावर शिका आणि आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. बाईंनी भगवी लोकर बांधली. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून वाचायला लागले. काठी वर, डोक्याच्या किंचित मागे थांबवा, दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबा, मग पुढे.

दोरी चाबकासारखी कडाडली आणि बाईंच्या मानेभोवती गुंडाळली गेली. पुन्हा. पुन्हा. लोकर कधी झुडपात, कधी माझ्या केसांत. थोड्या वेळात आमच्याभोवती दहा-बारा माणसं उभी. एका पठाण टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला लावली, खाली उतरून नीट पाहिलं आणि अगदी कळकळीने म्हणाला, “मॅडम, समुंदर उस तरफ है।”

मग बागेचा रखवालदार आला. मासे पकडायला इथे मनाई आहे, असं तो हातवारे करून सांगायला लागला. चाचा पुढे झाले. दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “शूफ, हुक माफी. समक माफी.” बघ, आकडा नाही, मासा नाही. रखवालदाराने लोकर बोटांत फिरवून पाहिली. मासाही नाही आणि आकडाही नाही, मग ही बाई काय करतेय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तो गेला नाही. बाजूच्या बाकावर बसून राहिला.

दुसऱ्या शुक्रवारी काठीचं टोक खजुराच्या झाडावर आपटलं आणि दोरी ओवायची टोकाची कडी निघून आली. नवरा म्हणाला, “द्या इकडे,” आणि ती काठी मुसफ्फाला घेऊन गेला. चार दिवसांनी आणली तेव्हा कडी पक्की बसवलेली होती आणि दांड्यावर मास्किंग टेपची पट्टी लावून वर्कशॉपच्या फिटरने जॉब नंबर लिहिला होता. बाईंनी ती पट्टी काढू दिली नाही.

पण जमत मात्र नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी बाई दमून गवतावर बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला. “कदाचित तो बरोबर म्हणत असेल,” त्या म्हणाल्या. भावाचं नाव न घेता.

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. तीन आठवडे मी पुस्तकाकडेच बघत होते, बाईंकडे बघितलंच नव्हतं. काठी त्यांच्या डाव्या हातात होती.

“मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“जन्मापासून.”

“मग मी ‘उजवा हात, उजवा पाय’ वाचत होते तेव्हा सांगितलं का नाही?”

“लहानपणी शाळेत माझ्या बोटांवर पट्टी मारून मला उजव्या हाताने लिहायला शिकवलं. तेव्हापासून मी हे कुणाला सांगत नाही. मनातल्या मनात उलटं करून घेते. नेहमी जमतं. या वेळी जरा घोटाळा होतोय.”

मी त्यांच्याशेजारी बसले. आणि एकदम मला तो फोटोंचा, माझी गाठ पाच वेळा सोडवणारा माणूस आठवला. तो फेकतानाही कॅमेऱ्याकडे तोंड करूनच उभा होता. मला तो उलटा दिसत होता, पण डावखुऱ्या माणसाला तो आरशासारखा दिसला असता. त्याने उजवा हात उचलला की बाईंनी आपला डावा उचलायचा. मनात काही फिरवायलाच नको!

“चाचा,” मी ओरडले, “ते फोटोंचं पुस्तक! परत पाठवलं का हो?”

मॅनेजरांनी दोन पुस्तकं गुरुवारच्या कुरिअरने लंडनला पाठवायला सांगितलं होतं. चाचा आधी खजुराच्या झाडाकडे, मग समुद्राकडे बघायला लागले.

“एक पाठवलं, ताई. दुसरं ते... त्यात होड्यांचे फोटो हायत. माझे बगून व्हायचे होते. इन्शाल्ला शनिवारी पाठवणार होतो.”

मी त्यांना मिठी मारायचीच बाकी ठेवली. नवऱ्याने गाडी काढली. दुकान शुक्रवारी सकाळी बंद असायचं, पण मागच्या दाराची चावी चाचांकडे होती. वीस मिनिटांत दोघं पुस्तक घेऊन परत आले, ब्राउन पेपरात अर्धवट बांधलेलं. मी ते बाईंसमोर दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि या वेळी एक शब्दही वाचला नाही. त्या फोटोकडे बघत उभ्या राहिल्या, काठी वर नेली, मागे थांबवली.

“आता थांबा,” चाचा मराठीतच म्हणाले. त्यांच्या गावाकडे पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं टाकतात, त्यातही अशीच अंगात ओढ येईपर्यंत वाट बघावी लागते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. “मागे जाऊ द्या... जाऊ द्या... यल्ला, आता पुढे!”

दोरी बाईंच्या डोक्यावरून सरळ पुढे गेली, हवेत उलगडली आणि भगवी लोकर गवतावर इतकी हळू उतरली की काही आवाजच झाला नाही. बाकावरच्या रखवालदाराने टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी झोपेतून जागी झाल्यासारखी म्हणाली, “दॅट वॉज सो कूल. कॅन आय ट्राय?”

मार्चपर्यंत आम्ही सगळेच फेकायला शिकलो. पंधरा पावलांवर गवतात एक वर्तमानपत्र पसरायचं आणि लोकर त्यावर पाडायची. नवऱ्याचा नेम सगळ्यात वाईट होता, मुलीचा सगळ्यात चांगला. मला स्वतःला ती मागे थांबायची एवढीशी वेळ फार आवडायची. बाई घरी संध्याकाळी किड्यांचं पुस्तक वाचायच्या आणि कोणता किडा किती खोल पाण्यात असतो ते मला फोन करून तोंडपाठ म्हणून दाखवायच्या. मे महिन्यात गवतावर उभं राहणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी शाळेच्या एसी हॉलमध्ये खुर्च्या सरकवून सराव केला.

जूनमध्ये त्या गेल्या. सप्टेंबरात चार पानी पत्र आलं. पहिल्या दिवशी भावाला चार मासे मिळाले, यांना एकही नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. भाऊ म्हणाला, पुस्तकी विद्या. मग एक दिवस जोराचा वारा सुटला. भाऊ गाडीत जाऊन चहा पीत बसला. बाई बारक्या पुस्तकातलं प्रकरण आठवून, वारा ज्या काठाकडे वाहत होता तिथे जाऊन उभ्या राहिल्या. दोरी बुडताना दहापर्यंत मोजलं, मग हळूहळू ओढायला सुरुवात केली, आणि दीड पौंडाचा ट्राउट लागला. त्यांनी लिहिलं होतं, ‘मी इतक्या जोराने ओरडले की तो चहा सांडून धावत आला. त्याला वाटलं मी पाण्यात पडले.’ मी पत्र चाचांना वाचून दाखवलं. मासा किती मोठा ते पौंडात त्यांना कळेना, म्हणून मी हाताने दाखवलं. दाखवताना जरा वाढवूनच.

त्यानंतर मी माझ्या दोन कपाटांतली पुस्तकं घरी नेऊन करून बघायला लागले. केक फसले, एक स्वेटर एका बाहीवर थांबला, नवऱ्याला आठ दिवस योगासनं करावी लागली. पण कुणी विचारलं, “यातलं चांगलं कुठलं?” की मी आधी विचारायचे, “कुणासाठी?” आणि त्याच्याकडे नीट बघायचे.

बाई गेल्यावर दीड वर्षाने, जानेवारीत, एक बुटका, लाजराबुजरा इंग्रज दुकानात आला. आधी बराच वेळ गोल्फची पुस्तकं चाळल्याचं नाटक केलं. मग काउंटरशी येऊन हळूच म्हणाला, “मी तिचा भाऊ. आम्ही दोघं तिच्या जुन्या मैत्रिणीकडे पंधरा दिवस आलोय. ती आता त्या नकली माश्या घरी स्वतः बनवते. फार छान बनवते. मी आयुष्यभर विकतच्या वापरल्या. तिला म्हटलं शिकव, तर म्हणते, पुस्तकातून शीक.” त्याने दाराकडे नजर टाकली. “ती मागच्या गल्लीत सँडल घेतेय. तुमच्याकडे काही आहे?”

माझ्याकडे त्या विषयावर दोन पुस्तकं होती, बाईंच्याच पत्रामुळे मागवलेली, पण अजून करून बघितली नव्हती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “मग आत्ता बघूया?”

चाचांनी गोडाउनमध्ये तीन खोकी मांडली. आकडे पाहुण्याने खिशातून काढले. पिसं कुठून आणायची हा प्रश्न होता, तर पिसांचा झाडू सापडला. मॅनेजरांनी दारातून डोकावून बघितलं आणि तीन चहा पाठवून दिले. पक्कड नव्हती म्हणून आकडा चाचांनी चिमटीत धरला, मी वाचत होते आणि पाहुणा जिभेचं टोक बाहेर काढून दोरा गुंडाळत होता. पहिली माशी झुरळासारखी झाली. दुसरी जरा बरी. तिसरीला चाचा “अच्छा है, बहुत अच्छा है” म्हणाले आणि पाहुण्याला ते हिंदी बरोबर कळलं.

तेवढ्यात बाई नव्या सँडलची पिशवी घेऊन गोडाउनच्या दारात आल्या. भाऊ दाताने दोरा तोडत होता. तो दचकून उभा राहिला, खोकं पडलं, पिसं सगळीकडे उडाली. बाईंनी त्याच्या तळहातावरची माशी उचलून उजेडात धरली, वरून बघितली, खालून बघितली.

“डोकं मोठं झालंय,” त्या म्हणाल्या. मग पिशवी खाली ठेवली, ते पडलेलं खोकं सरळ केलं आणि त्यावर बसत भावाला म्हणाल्या, “दोरा दे इकडे. आणि जरा सरकून बस, मला उजेड लागतो.”